अप्पांचा नंबर

नोकरीच्या पहिल्या पंधरवड्यात ऑफिसमधली मला सगळ्यात ओळखीची झालेली जागा म्हणजे तिथलं बाथरूम. मॅडम एखादं काम सांगायच्या, मी "हो मॅडम" म्हणायचे, आणि त्यांची पाठ फिरली की फोन ओढणीखाली धरून आत जायचे. कडी लावायची आणि त्या जे शब्द बोलल्या ते विसरायच्या आत त्यांचे अर्थ शोधायचे. सगळे सापडायचे नाहीत. सापडले तरी कळायचे नाहीत. नळ सोडून ठेवायचे, म्हणजे बाहेर वाटावं की मी हात धुते आहे.

एकदा कडी काढून बाहेर आले तर मॅडम समोरच उभ्या.

"पोट बरं नाही का गं तुझं?"

"बरं आहे मॅडम."

"मग घडीघडी काय आत?" त्यांची नजर ओढणीतल्या फोनवर गेली. मी कुणाशी तरी चोरून बोलते असं त्यांना वाटलं असावं. "हे बघ नांदेडवाली, तुझं काय असेल ते संध्याकाळी. इथं फोन बॅगेत राहील. आवाज बंद करून."

मी मान हलवली. मला काही येत नाही हे सांगण्यापेक्षा त्यांनी जे गृहीत धरलं ते मला बरं वाटलं. त्या दिवसापासून फोन बॅगेत राहू लागला.

ऑफिस लातूरला, एका बी-बियाणांच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आम्ही, आतल्या खोलीत सर. सर मालक होते आणि बहुतेक वेळ बाहेरच असायचे. लातूरला अकरावी-बारावीसाठी गावोगावची पोरं येतात, त्यांचे क्लासेस आणि वसतिगृहं हेच आमचं गिऱ्हाईक. पोराचा प्रवेश, हजेरी, परीक्षेचे गुण, आणि काही झालं तर आईवडिलांच्या फोनवर मेसेज, हे सगळं आमच्या प्रोग्रामातून चालायचं. खिडकीतून खाली बघितलं की तीच पोरं पाठीवर बॅगा टाकून घोळक्यानं जाताना दिसायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान. मला त्यांच्यात जाऊन मिसळावंसं वाटायचं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. गाव उमरी तालुक्यातलं, घरची शेती, अप्पा आणि काका मिळून करतात. इंजिनिअरिंग नांदेडला झालं. कॉलेजात एका कॉम्प्युटरवर तिघी असायचो. जिचा टायपिंगचा हात चांगला ती खुर्चीवर, बाकीच्या मागे उभ्या. मी चार वर्षं बहुतेक मागे उभी राहून शिकले. परीक्षेत प्रोग्राम कागदावर लिहायचे असत, त्यात मला चांगले गुण पडत. सरांनी मुलाखतीतही कागदावरच लिहायला सांगितलं. मी लिहिलं. "अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले, "तीन महिने बघू. जमलं तर ठेवू."

हे 'जमलं तर' मी घरी सांगितलं नाही. म्हणजे सांगणार होते. पण नोकरी लागली एवढंच ऐकून अप्पा उठले आणि पेढे आणायला गेले. गावात पेढे वाटून झाल्यावर कसं सांगायचं.

लातूरला पाठवायला काका तयार नव्हते. "शिकली ती लई झालं. आता नांदेडचं ते स्थळ बघू," असं त्यांचं चाललं होतं. अप्पा कमी बोलतात. ते मला घेऊन आले, ऑफिस जिन्यावरून बघितलं, मुलींच्या वसतिगृहातल्या काकूंशी बोलले, आणि जाताना दोन गोष्टी सांगितल्या. अंधार पडायच्या आत खोलीवर यायचं. रोज संध्याकाळी फोन करायचा. बस. एवढ्यावर मी लातूरला होते. नोकरीत जमलं नाही तरी परत जायचं होतं, आणि घरी काही वावगं कानावर गेलं तरी परत जायचं होतं. आणि एकदा परत गेले की पुन्हा कुणी मला कुठं पाठवणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

त्यामुळे मी सगळ्यालाच भ्यायचे. मॅडमच्या चपलांच्या आवाजाला, स्क्रीनवर लाल अक्षरं आली की त्यांना, सर आत आले की खुर्ची सरकवावी की नाही याला. मॅडम मनानं वाईट नव्हत्या. लातूरच्याच, बोलणं सडेतोड, टायपिंग इतकं भरभर की बघतानाच मला धाप लागायची. "विचारत जा गं," त्या म्हणायच्या, "विचारायला कुणी तिकीट लावलंय का?" पण आमच्याकडं मोठ्या माणसानं सांगितलं की ऐकायचं असतं, उलटून विचारलं तर लक्ष नव्हतं असा त्याचा अर्थ होतो. मी 'हो' म्हणायचे. ते तोंडातून आपोआपच जायचं.

मग एक काम आलं. एका वसतिगृहाला हवं होतं की संध्याकाळी ठरलेल्या वेळेत ज्या पोरानं गेटवर अंगठा लावला नाही, त्याच्या घरी आपोआप मेसेज जावा. मेसेजचा मजकूर त्यांनीच दिला होता. 'आपले पाल्य वसतिगृहात वेळेवर परतलेले नाही. त्वरित संपर्क साधावा.' मॅडमनी हे मला दिलं. माझं एकटीचं असं पहिलंच काम.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. प्रोग्रामात एक ओळ असते. मेसेज खरोखर पाठवायचा की नुसता स्क्रीनवर दाखवायचा, हे ती ओळ ठरवते. "ती आधी बदलून घे, मग काय खेळायचं ते खेळ," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. ती ओळ कोणत्या फाईलमध्ये असते ते मला समजलं नव्हतं. सापडेल, असं वाटलं. एका फाईलमध्ये तशीच दिसणारी एक ओळ सापडलीही, आणि मी ती बदलली.

पहिले दोन दिवस काहीच चाललं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी माझ्या खुर्चीमागं उभं राहून माझं लिहिलेलं वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तू कागदावर लिहून आणल्यासारखं आहे." त्या हसून म्हणाल्या, पण मी खोलीवर गेले ती रडतच. त्या संध्याकाळी घरी फोन केला नाही. आवाज घोगरा झाला होता, अप्पांनी ओळखलं असतं. उद्या करू म्हटलं आणि झोपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसले. करून बघायला एक खोटा विद्यार्थी लागतो. मी भरला. नाव, चाचणी. वर्ग, अकरावी. पालकाचा मोबाईल नंबर.

इथं माझा हात थांबला सुद्धा नाही. शाळेपासून जिथं कुठं मोबाईल नंबर विचारला, तिथं मी अप्पांचा नंबर भरत आले. शिष्यवृत्ती, बसचा पास, रेशन, बँक, कॉलेजचा प्रवेश, सगळीकडं. आमच्या घरात नंबर म्हणजे तोच. कॉलेजला असताना मला स्वतःचं सिम मिळालं, तरी फॉर्मवर मी अप्पांचाच लिहायचे. आमच्या वसतिगृहातल्या सगळ्या मुलींचं हेच. स्वतःचा नंबर सांगताना मी अजून मधे अडते, अप्पांचा झोपेतही सांगेन. तर बोटांनी ते दहा आकडे टाकले आणि मी बटण दाबलं.

स्क्रीनवर हिरव्या अक्षरात आलं, मेसेज पाठवला. मला वाटलं नुसतं दाखवतंय. दोन दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी चाललं होतं. मी खुर्चीत हलकेच हात चोळले. खरं सांगते, त्या नोकरीत तोपर्यंत मला झालेला तेवढाच आनंद.

दुपारी डबा काढायला बॅग उघडली तर फोनवर अप्पांचे मिसकॉलच मिसकॉल. खाली काकांचे. मी जिन्यात जाऊन अप्पांना लावला. बंद. काकांना लावला.

"कुठं हायस गं तू?" ते ओरडलेच. मग फोन बाजूला धरून कुणालातरी, "वैनी, बोलायली बघा. जित्ती हाय." मागून आईचा हुंदका ऐकू आला.

"काका, मी ऑफिसात हाय. काय झालं?"

"काय झालं म्हनून मला इचारतीस? तू काल वसतिगृहात आली न्हाईस म्हनून मेसेज आला की तुझ्या बापाला. फाट्यावरच्या हाटेलात व्हतो आम्ही. मीच वाचून दावला. काल तुझा फोन न्हाई. आज उचलीनास. मानसानं समजावं काय?"

 मी पायरीवर बसले.

"अप्पा कुठं हायत?"

"निघाला ना त्यो. कापूस येचायला बाया लावल्यात, समदं तसंच टाकून. नांदेडची गाडी धरली, तिथून लातूर. फोन लावून लावून त्याची बॅटरी गेली."

"काका, मला काही झालं न्हाई. मी रात्री खोलीवरच व्हते. कंपनीचा काहीतरी घोटाळा झाला."

"घोटाळा?" काकांनी आईला सांगितलं, 'घोटाळा म्हनं.' मग म्हणाले, "म्हंजे कंपनीच तसली हाय. मी पैल्यापासून सांगायलो. आता तुझा बाप तुला घिऊनच येतो बघ. हाटेलात समद्यांनी ऐकलंय."

अप्पांना कुणी थांबवू शकत नव्हतं. ते बसमध्ये होते आणि त्यांचा फोन बंद होता. मी जागेवर येऊन बसले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. गाडी लोह्यापर्यंत आली असेल. अजून तीन तास. अप्पा खिडकीशी बसले असतील. त्यांना वाटत असेल, आपली पोरगी रात्रीपासून नाही. त्यांना हे तीन तास असंच वाटत राहणार आणि मी इथं खुर्चीवर धडधाकट बसलेली. माळाकोळी. अहमदपूर. डबा मी उघडलाच नाही.

न सांगता स्टँडवर जावं असं डोक्यात आलं. अप्पांना तिथंच गाठायचं, तिथूनच समजावून परत पाठवायचं, म्हणजे ऑफिसात कुणाला काही कळणार नाही. पण मग वाटलं, अप्पांच्या नंबरावर जर मेसेज खरंच गेला, तर आणखी कुणाला गेला असेल?  वसतिगृहात शेकड्यानं पोरं होती. शेकड्यानं बाप बसमध्ये बसलेले माझ्या डोळ्यांपुढं आले.

मी उठले आणि मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. 

"काय? पोट?"

"मॅडम, माझ्या हातून मेसेज खरा गेला."

त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "कुणाला?"

"माझ्या वडिलांना."

"वडिलांना? तुझ्या? आणि बाकी?"

"माहीत नाही."

त्या मला जवळजवळ बाजूला ढकलूनच माझ्या जागेवर जाऊन बसल्या. त्यांनी कुठली फाईल उघडली ते मी बघितलं. मी बदललेली ओळ वेगळीच होती. मग गेलेल्या मेसेजांची यादी काढून त्या खाली खाली जात राहिल्या. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी. मग त्यांनी श्वास सोडला.

"एकच. तुझा एकच गेलाय. देवाला नारळ फोड." मग माझ्याकडं वळून, "ती ओळ कुठंय ते कळलं नव्हतं?"

"नाही."

"मग हो कशाला म्हणालीस?"

 रडायला येत होतं, पण आलं नाही.

"वडिलांना फोन करून सांगितलंस?"

"फोन बंद आहे. ते निघालेत इकडं. गावाहून."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं बाई. जा स्टँडवर. आणि हे मी सरांना सांगणार आहे, लपवणार नाही, आधीच सांगते. जा. येताना त्यांना घेऊन ये इथं."

"इथं कशाला मॅडम?"

"मग काय, स्टँडवरूनच परत लावतीस का? बाप माणूस लातूरपर्यंत आलाय. चहा तरी घेईल."

स्टँडवर मी नांदेडच्या गाड्या जिथं लागतात तिथं उभी राहिले. दोन गाड्या आल्या, त्यात अप्पा नव्हते. तिसरीतून उतरले. कामावरचेच कपडे, शर्टाला कापसाच्या बोंडाची काडी चिकटलेली. ते खाली बघत, गर्दीतून वाट काढत चालले होते. मी "अप्पा" म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं. त्यांनी मान वर केली.

मला वाटलं मारतील. आयुष्यात कधी मारलं नव्हतं, पण वाटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि फलाटाच्या कठड्यावर बसले.  हात गुडघ्यांवर ठेवून ते जमिनीकडं बघत राहिले. लोक त्यांच्या बाजूनं जात होते. एका बाईनं विचारलं, "चक्कर आली का हो?" मी नाही म्हटलं.

मग ते बोलले. "चल. सामान भर."

"अप्पा, मला काही झालं न्हाई."

"दिसायलंय. चल."

"अप्पा, त्यो मेसेज..."

"कोन पाठवला? त्या मानसाला मला बघायचंय. बघतो अन् मग जाऊ."

"मीच पाठवला."

त्यांना समजेना. "तू?"

"हाव. माझं कामच ते हाय. पोरगं वसतिगृहात आलं न्हाई तर घरी मेसेज जातो, त्यो प्रोग्राम मी बनवायले. करून बघताना तुमचा नंबर टाकला. चुकून खरा गेला."

"मला कामून?"

"दुसरा नंबर मला येतच न्हाई."

त्यांनी माझ्याकडून बाटली घेतली. पाणी प्यायले. मी मॅडमचा निरोप सांगितला. ते नको म्हणतील असं वाटलं होतं, पण ते उठले आणि माझ्यामागं चालू लागले.

ऑफिसात त्यांना चाकाची खुर्ची दिली. ते कडेला टेकले, तशी ती सरकली, आणि त्यांनी टेबल घट्ट धरलं. मॅडमनी चहा मागवला, अप्पांचा फोन चार्जिंगला लावला. गावाकडचं, पिकाचं विचारलं. अप्पा हो-नाही करत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, हिची नोकरी पक्की हाय ना?"

मी मॅडमकडं बघितलं. त्या हो म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तीन महिने बघायचं ठरलंय. त्यातला एक होत आला. आणि आज हे झालंय, ते सरांच्या कानावर जाईल."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. पेढे माझ्या डोळ्यांपुढं आले, त्यांच्याही आले असतील. मी मान खाली घातली.

"जमतं का हिला?"

"भिते फार," मॅडम म्हणाल्या. "भीत भीत सगळं करते आणि विचारत नाही. पण आज स्वतःहून येऊन सांगितलं. ते सगळ्यांना जमत नाही." आणि मग माझ्याकडं वळून, "हुरळून जाऊ नको."

तेवढ्यात फोन सुरू झाला आणि लगेच वाजला. काकांचा. अप्पांनी फोन कानाला लावला तरी पलीकडचं सगळ्यांना ऐकू येतं.

"घावली का? किती वाजता येताव? रात्रीच्या गाडीनं तिला आनूनच ये. अन् ते नांदेडच्या स्थळाचं उद्याच..."

अप्पा ऐकत राहिले. त्यांची नजर माझ्या स्क्रीनवर होती, तिथं ती हिरवी अक्षरं अजून तशीच होती. 

"ती येत न्हाई," अप्पा म्हणाले. "कामावर हाय ती."

"अन् लोक इचारतील तर?"

"हिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर जळाला, नवा आनायला लातूरला गेला म्हन."

"स्टार्टर नांदेडला मिळत न्हाई का?"

"न्हाई मिळत म्हन," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. मग मॅडमना अवघडून विचारलं, "स्टार्टर इथं कुठं भेटंल?"

मॅडमनी गंजगोलाईच्या बाजारातलं दुकान सांगितलं. मी सोबत गेले. अप्पांनी दोन-तीन दुकानं फिरून, हातात तोलून बघत, स्टार्टर घेतला. त्याची काही गरज नव्हती, घरचा चांगला चालत होता. वाटेत ते एकदाच बोलले. "तीन म्हयन्याचं सांगायला पायजे व्हतं मला." मी हो म्हटलं. स्टँडवर मला थांबू दिलं नाही. अंधार पडायच्या आत खोलीवर जा म्हणाले. मी गेले, आणि कितीतरी वेळ दार लावून बसून राहिले. ते मला ठेवून गेले होते, आणि आता जमलंच पाहिजे होतं. मला आदल्या दिवसापेक्षा जास्त भीती वाटायला लागली.

सकाळी सर लवकर आले. मॅडम आधी आत गेल्या. बाहेर आल्या आणि मला नुसती मानेनं खूण केली. मी दारात उभी राहिले, आत जावं की नाही कळेना.

सर कागदांतून वर न बघता म्हणाले, "वडील आले होते म्हणे."

"हो सर."

"गेले परत?"

"हो."

"तुला न घेता?"

"हो सर."

त्यांनी आता माझ्याकडं बघितलं.  मला वाटलं, आता सांगतील, उद्यापासून येऊ नको.

"मग बस कामाला," ते म्हणाले. "आणि ती ओळ कुठं असते ते आज मॅडमना विचार. मोठ्यानं विचार, मला इथं ऐकू आलं पाहिजे."

मी बाहेर आले. मॅडम भरभर टाईप करत होत्या. त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. पहिला शब्द नुसता हवेसारखा निघाला. मी पुन्हा सुरुवात केली.